पंचेचाळीस अंश

परगामीनोच्या कडेला, डांबर संपून सोयाबीन सुरू होतं
तिथल्या पत्र्याच्या शेडमध्ये
मी हवेची वाट कापायला शिकले.
एवारिस्तो सुबेल्दिया, डाव्या कानाने ठार बहिरा,
उजवा कान मशीनकडे झुकवून म्हणायचा,
"नासारेना, कटर गातोय तोवर गाऊ दे.
कुरकुरला की हात काढ."

हवा आळशी, तो सांगे,
काटकोनात वळायचं तिच्या जिवावर येतं.
म्हणून आधी साठ अंश, घशाच्या अंगाने,
मग तीस, वरून,
आणि मधे उरेल ती पंचेचाळीसची कड,
जेमतेम सव्वा मिलिमीटर.
शर्यतीत मिनिटाला तीन हजार वेळा
व्हॉल्व्ह तेवढ्यावर येऊन टेकतो.
कड रुंद ठेवली तर हवा अडखळते,
अरुंद ठेवली तर व्हॉल्व्हला अंगातला ताप टाकायला जागा नाही,
जळतो बिचारा.
निळा रंग पुसट लावायचा, व्हॉल्व्ह टेकवून हलका वळसा,
उचलून उजेडात धरायचं.
अखंड निळं कडं उमटलं तर भोपळ्यातला कडू माते,
तुटलं तर पुन्हा.

त्या गुरुवारी लिसान्द्रोचं हेड होतं, रविवारी शर्यत.
हेड फ्लो बेंचवर, मशीनवर, परत बेंचवर,
आणि दर खेपेला तिरक्या नळीतलं लाल पाणी
बोटभर वर.
मला हाव सुटली.
तिसऱ्या सिलिंडरची सीट. अजून एक केस, अजून एक.
कटर गात होता, खोटं नाही सांगत,
मी ऐकत नव्हते, नळीकडे बघत होते.
थांबले तेव्हा व्हॉल्व्ह
खड्ड्यात उकिडवा बसल्यासारखा खोल,
आणि बेंचवर लाल पाणी उतरलं,
दिवसभराचं चढलेलं आणि वर थोडं.

सुबेल्दियाने नखाने कड चाचपली.
शिवी दिली असती तर बरं झालं असतं.
फोन उचलून म्हणाला, "लिसान्द्रो, माझा हात चुकला.
म्हातारा झालो रे. शनिवारी ये."

सीट आम्ही मुळापासून खोदून काढली.
नवं कडं भोकाहून आठ शतांश मिलिमीटर मोठं,
ते ओयार्साबालबाईंच्या आईस्क्रीमच्या फ्रीझरमध्ये
दुधाच्या खव्याच्या डब्यांमागे रात्रभर.
हेड पिच्चिनिनीच्या भट्टीत,
पहाटे चारला, पावांची पहिली खेप निघाल्यावर.
"तेलाचा वास लागला तर दुसऱ्या खेपेचे पैसे कोण देणार?"
पिच्चिनिनी कुरकुरत होता, पण पोतं धरून
हेड त्यानेच बाहेर ओढलं.
चिमट्यात कडं, त्यावर पांढरं बाष्प,
माझा हात थरथरत होता.
दोनच क्षण मिळतात.
मग थंड गरम होतं, गरम थंड,
आणि मधेच अडकलं तर अडकलं.

सोडलं.
टक्.

सुबेल्दिया भट्टीच्या उजवीकडे उभा होता,
त्याचा डावा कान आमच्याकडे.
"बसलं?" त्याने विचारलं.
पिच्चिनिनी माझ्याकडे बघू लागला.
"बसलं," म्हणाले.
त्याने वाकून खात्री केली नाही.
चार गरम पाव घेतले, पैसे दिले, गाडीत बसला.

रविवारी सातव्या फेरीत लिसान्द्रोचा गिअरबॉक्स गेला.
हेडला काही झालं नव्हतं,
पण ते कोण विचारतं!

आता शेडचं भाडं मी भरते.
कापायला बसले की नळीवर फडकं टाकते.
नवा पोरगा विचारतो, हवा बघायची नाही का?
बघायची की.
आधी मशीन बंद होऊ दे.