अकरा मिनिटं, एकोणीस मिनिटं

दोन्ही लॅपटॉप मी काउंटरवर शेजारी शेजारी उघडले.
मधे वॉट मोजायचं मीटर, बाबांच्या हातचं,
काचेवर अजून त्या ऑगस्टची चीर.

रनीम संगणकात इमारती उभ्या करते.
सध्या एक वाचनालय, कुठेच न बांधलेलं,
आणि त्यात दुपारी चारला ऊन कसं शिरेल, हा प्रश्न.
प्रोसेसरला किरण न् किरण मोजावा लागतो.
म्हणाली, आर्पिने, यातला चांगला कोणता?
म्हटलं, चांगला कुणासाठी ते मागाहून.
आधी दोघांना एकच ऊन देऊ.

डावीकडचा तडक उठला.
पंखा असा घोंघावला
की समोरच्या सोनाराने भिंग खाली ठेवलं.
मीटर पंचावन्न, साठ, साठावरच थबकलं.
कीबोर्डची वरची पट्टी कॉफीच्या रकवीसारखी, हात ठरेना.
अकरा मिनिटांत ऊन भिंतीवर.

उजवीकडचा अठरा वॉटवर.
हूं नाही की चूं नाही.
चालू आहे ना, म्हणून रनीमने दोनदा वाकून पाहिलं.
एकोणीस मिनिटं.
भिंत तीच, ऊन तेच.

पावतीच्या पाठीवर मी मांडलं:
त्याचे अकरा वॉट-तास,
याचे पाच पूर्णांक सात.
निम्म्यात, बघ, निम्म्यात!
माझा आवाज जरा चढलाच असेल.
ती म्हणाली, आणि आठ मिनिटं?
ती कुणाच्या बिलात?

मी आठ लिहिले,
कुठल्या रकान्यात ते कळेना, म्हणून समासात.

मग दोघांना नुसतं बसवून ठेवलं.
हे गिऱ्हाईक कधी विचारत नाही:
काही करत नसताना किती खातो?
डावा नऊ. उजवा तीन.
खायला काळ नि भुईला भार, मी डाव्याला म्हणणार होते,
पण दुकानात सकाळपासून मीही
एक मदरबोर्ड सोडून काही केलं नव्हतं.

पाचला वीज गेली.
सरकारी पहाटेच गेलेली, ही गल्लीची,
नजीब मोटरवाल्याच्या जनरेटरची,
पाच अँपियरची आमची वर्गणी.
बुर्ज हम्मूदवरच्या तारांच्या जाळ्यात एकदम शांतता झाली
आणि मीटर मेलं.

थांब, मी म्हटलं, आता खरी गंमत.
तेच ऊन पुन्हा दिलं, बॅटरीवर.
डाव्याचा पंखा अर्ध्यात विरला.
अकराची बावीस झाली,
जिना चढून आलेल्या माणसासारखा
वाक्यामधे थांबत थांबत.
उजव्याला वीज गेल्याचं कुणी सांगितलंच नाही.
एकोणीस मिनिटं, वर चार सेकंद.

दोन पडद्यांच्या उजेडात मी तिच्याकडे पाहिलं,
निकाल लागला अशा थाटात.

रनीमने डाव्यावर बोट ठेवलं.

मार्चमधे हॅलिफॅक्सला चाललेय, म्हणाली.
भाऊ सांगतो, तिथे वीज जाते वादळात,
वर्षाकाठी एकदा,
आणि त्याची बातमी होते.

मी काही बोलले नाही.
सगळं मापलं होतं मी, अगदी सेकंदापर्यंत,
फक्त तराजूच्या एका पारड्यात
ही गल्ली आधीपासून बसलेली होती
आणि ते मला दिसलं नव्हतं.

डावा खोक्यात घातला.
त्याचा चार्जर अर्धा किलोचा, वेगळ्या पिशवीत.
नोटा तिने अंधारात मोजल्या, मी अंधारात घेतल्या,
दोघींनी एकमेकींवर विश्वास ठेवला.
दारात वळून म्हणाली, तो दुसरा कुणाला देशील?
म्हटलं, राहणाऱ्या कुणाला तरी.

शटर अर्ध्यावर ओढलं.
उजवा बंद करायचा होता, केला नाही.
कोपऱ्यात आकडा: एकाहत्तर टक्के, तेरा तास.
पडद्यावर रिकामं वाचनालय,
आणि फरशीवर चारचं ऊन, तिरकं,
तीन वॉटमधे.