एफ्फे-वू

एफ्फे-ची.
कुणाची?
एजीदिओची. वय एक्क्याऐंशी, उदिनेच्या इस्पितळातली.
फ्रेक्वेन्झा कार्दियाका. ओंदिना लिहिते : हार्ट रेट.
इंग्रजीत हृदय आधी, मग त्याचा वेग;
इटालियनमध्ये वेग पुढे निघून गेलेला
आणि हृदय मागून, धापा टाकत.

कार्डिफच्या डॉक्टरांना सकाळी आठला हवं आहे.
मुलगी तिकडे असते, म्हातारा तिच्याकडे निघालाय,
बरोबर सात पानं, दोन शिक्के
आणि कुणा पेंगुळल्या निवासी डॉक्टरचं अक्षर.

तिसऱ्या पानावर ती अडते.
पहाटे तीन-दहा : एफ्फे-वू ४४.

एफ्फे-वू म्हणजे खालच्या कप्प्यांचा वेग.
एफ्फे-वू म्हणजे खालच्या कप्प्यांची नुसती फडफड,
जिच्यापुढे बहुधा एकच गोष्ट लिहितात, वेळ.

गॅसवर कॉफी खदखदते. ती उठत नाही.
फडफडीला कोण आकडा देतं, ती स्वतःला समजावते.
पण चव्वेचाळीस
सेकंदही असू शकतात.

मग पुढची ओळ, त्याच शाईत, जरा तिरकी :
रुग्ण जागा. खिडकी उघडा म्हणतो.

बरं. वेग तर वेग.
टंकते : व्हेंट्रिक्युलर रेट, ४४.
खाली टीप : मूळ संक्षेप संदिग्ध.
टीप खोडते.
पुन्हा घालते.

संक्षेप कितीही अक्षरांचा असो, एकच शब्द धरतात;
नऊ सेंट.
कॉफी करपलीय. तशीच पिते,
खिडकी उघडून.