चार मीटरच्या अलीकडे

बत्तीस पौंड. अडतीस सांगत होता डेनिस,
गाडीच्या डिकीत मांडलेल्या कपबश्यांमागून
त्यानं ती लेन्स काढली, स्वेटरच्या बाहीनं पुसली,
म्हणाला, आतला आरसा शाबूत आहे,
बुरशी नाही. असली तरी थोडीच.

घरी आणून कॅमेऱ्याला लावली.
नाकापेक्षा मोती जड.
कॅमेरा माझा काडेपेटीचा थोरला भाऊ
आणि पुढे हा डालड्याचा डबा,
काचेच्या मधोमध काळी टिकली लावलेला.
"हिला नटवलं कुणी?" शैलानं विचारलं.
(इथे सगळे तिला शीला म्हणतात.
तीही ओ देते.)

उजेड आत शिरतो, मागच्या आरशावर आपटतो,
उलटा येतो, टिकलीच्या पाठीवर आपटतो,
पुन्हा मागे.
अर्ध्या मीटरची वाट अर्ध्या वितीत बसवली आहे,
नऊवारी घडी घालून ट्रंकेत दाबावी तशी.

आज क्लीथॉर्प्सला ओहोटी. पाणी इतकं लांब गेलंय
की समुद्र आहे हे गृहीत धरावं लागतं.
मी भिंतीवर कोपरं रोवली, श्वास कोंडला.
आधी हेल सँडचा किल्ला.
तो पुडिंगसारखा थरथरला.
मग पलीकडचा स्पर्नचा दीपस्तंभ,
काळापांढरा, कमरेत किंचित वाकलेला.
हा दोष हवेचा की बत्तीस पौंडांचा, सांगता येईना.

मग नांगर टाकून थांबलेलं एक जहाज.
डेकवर एक माणूस दोरीवर शर्ट वाळत घालत होता,
चिमटा दातात धरून.
त्यानं सहज इकडे मान वळवली
आणि मी कॅमेरा झटकन खाली घेतला,
कुणाच्या न्हाणीघराचं दार चुकून ढकलल्यासारखा.
नुसत्या डोळ्यांनी पाहिलं तर
तिथे जहाजसुद्धा धड दिसत नव्हतं.

"तुझा काढतो," मी शैलाला म्हटलं.
ती शेजारीच, बाकावर, मांडीत थर्मास.
रिंग फिरवली, पार शेवटपर्यंत.
जांभळं धुकं. ती तिची शाल असावी.
"हिला चार मीटरच्या अलीकडचं दिसत नाही."
"मग जाऊ का लांब?"
"जा थोडी."

थर्मास घेऊनच निघाली, वाळूवरून, पाठमोरी.
सात पावलांवर वळली: नुसती हनुवटी आणि एक तीळ.
वीस पावलांवर तिनं थर्मास पुढे धरला, घेणार का म्हणून.
"अजून मागे!"
ती मागे मागे चालत राहिली.
एका कुत्र्यानं तिला वळसा घातला.
सत्तर पावलांवर कुठे शैला पुरती मावली,
डोक्यापासून चिखललेल्या बुटांपर्यंत,
आणि पाठीमागे डबक्यांवरच्या उन्हाची
शेकडो कडी, मधे भोक असलेली,
कुणी मेदूवडे तळून ठेवावेत तशी.

एकतीस वर्षं एका ओट्याशी उभे आहोत,
कुणाच्या हातात झारा ते बघायला मान वळवावी लागत नाही.
इतक्या लांबून तिला मी एकदाच पाहिलं होतं,
हीथ्रोच्या दारातून ट्रॉली ढकलत येताना.
ती मला शोधत होती, चुकीच्या बाजूला.
मी हात करायचं विसरलो होतो.

आता तिचे ओठ हलत होते.
वाऱ्यानं शब्द तिकडेच ठेवून घेतले.
मी बटण दाबत राहिलो.

रात्री, भांडी झाल्यावर, मोठे करून पाहिले.
चाळीसपैकी एकोणचाळीस हललेले.
विसाव्या पावलावरचा एक तेवढा धड:
थर्मास लख्ख, झाकणाचा पोचा,
कडेनं सुकलेला चहाचा ओघळसुद्धा,
आणि त्यामागे एक चेहरा, कड्यांमध्ये विरघळलेला.

"तिकडून काय म्हणत होतीस?"
"कधी?"
"लांब होतीस तेव्हा."
तिनं चष्मा कपाळावर सरकवला,
माझ्या खांद्यावरून पडद्यावर वाकली,
इतकी जवळ की मला तिची बटच दिसली.
"आठवत नाही," म्हणाली.
"पण थर्मास छान आलाय."