सहाशे बारा

नदीच्या या काठावर एक राज्य, त्या काठावर दुसरं.
पूल ओलांडायला चालत चार मिनिटं.
देणगीचा डबा घेऊन ओलांडायचा, तर सहा आठवडे.

हे मर्ल ट्रेलोअरनं मला पहिल्याच दिवशी सांगितलं,
आणि डबा पिशवीत घातला,
पिशवी कोटाखाली.

आमचं काम साधं.
किरणोपचाराला तीनशे किलोमीटर जायचंय
आणि ज्यांच्याकडे गाडी नाही, किंवा नजर नाही, किंवा मुलगा,
त्यांना पहाटे साडेचारला दारातून उचलायचं,
रात्री दारात सोडायचं.
दोन जुन्या गाड्या, आम्ही अकरा म्हातारे.

मर्ल गाडी चालवत नसे. मर्ल भरत असे.
कॅनबेराचा फॉर्म, सिडनीचा फॉर्म, मेलबर्नचा फॉर्म,
आणि नगरपालिकेचा, सॉसेज भाजायच्या टेबलाच्या लांबीबद्दल.
तेच नाव, तोच पत्ता, तेच सात विश्वस्त.
त्यातले दोघे वारले,
पण एका खात्यानं ते अजून मंजूर केलं नव्हतं.
एकाचं वर्ष जूनमध्ये संपे, दुसऱ्याचं डिसेंबरात.
आमचं मात्र दर गुरुवारी रात्री, तिच्या स्वयंपाकघरात.

फोनवरची मुलगी गोड होती.
म्हणाली, तुमची माहिती आहे हो आमच्याकडे,
फक्त ती शेजारच्या इमारतीत आहे.

मर्ल चिडत नसे.
कुण्या एकानं अनाथांच्या नावावर
स्वतःचा बंगला बांधला होता म्हणे पूर्वी.
त्याचा दंड आपण भरतोय, कॉलिन, ती म्हणायची,
तीन-तीन प्रतींत.

मग मार्चमध्ये पत्र आलं:
यापुढे एकदाच कळवा. आम्ही आपसांत वाटून घेऊ.
तिनं ते उलटून पाहिलं,
मागे काही भरायचं आहे का.

त्या गुरुवारी टेबल रिकामं राहिलं.
उद्या मीही येते, म्हणाली.

मागच्या सीटवर झ्देन्काबाई, गुडघ्यांवर घोंगडी.
मर्ल वळून बघत राहिली. मग म्हणाली,
'तुम्ही सहाशे बारा.'
'काय?'
'जाऊन-येऊन. सतरा वेळा लिहिलंय तुम्हाला.'

झ्देन्काबाई इतकं हसल्या की मला वेग कमी करावा लागला.
त्यांनी अक्रोडाचा केक काढला, हातानंच तोडला.
बाहेर कुरणांवर धुकं, गाई अर्ध्याच दिसत होत्या.

नगरपालिकेचा फॉर्म अजून सुटलेला नाही.
तो मर्लच्या पर्समध्ये होता.
तिनं तो उलगडून केकखाली धरला,
चुरा सांडू नये म्हणून.