वाळूतली खानेसुमारी

वहीच्या पहिल्या पानावर मास्तरांच्या अक्षरात एवढंच:
कल्लोळच्या खाली, नदीच्या पोटातलं बेट.
घरटी एकोणीस. अंडी मोजू दिली नाहीत.

कोणी मोजू दिली नाहीत, ते लिहिलेलं नाही.
पण आदगोंडा मास्तरांच्या टाळूवर
तांदळाएवढा पांढरा व्रण होता
आणि तो दाखवायला ते
सत्कारात वाकावं तसे वाकायचे.

पुस्तकात नदीसुरय.
यल्लव्वा अंबिगेर म्हणते, हळदचोची.
घरटं कसलं, पोटानं दाबलेली वाळू,
बैलाच्या खुराएवढा खळगा,
काडी नाही, पीस नाही, आडोसा नाही.
पायताणाचा तळ सुटेल अशा दुपारी
ती उठते, नदीला पोट टेकवते,
ओली होऊन येते, अंड्यांवर बसते.
रांजणाला फडकं गुंडाळावं तसं, यल्लव्वा म्हणते,
आणि पुन्हा जाळ्याची गाठ सोडवायला लागते.

मास्तरांनंतर वही माझ्याकडे आली,
माझं अक्षर बरं म्हणून. दुसरं कारण नव्हतं.

दस्तगीरनं नऊ वर्षं वाळूचा ट्रॅक्टर हाकला,
रात्रीचा, दिवे मालवून.
आता तो बेटाच्या तोंडाशी धोंडे रचतो, चुना फासलेले.
"वाट मीच पाडली, म्हणून मलाच बुजवता येते."
असल्या वाक्यांना वहीत रकाना नाही.
रकाने असे: तारीख, घरटी, अंडी, पिल्लं,
कावळे, कुत्री, माणसं.
मी समासात लिहून ठेवलं.

फलकावर वर कानडी की वर मराठी
यात एक अख्खा हंगाम गेला.
शेवटी अक्षरंच पुसली. पिवळी चोच काढली
आणि एक आडवा हात.
हात चांगला जमला नाही, गाय वाटते.
तरी लोक थांबतात.

वैशाखात नदी तुटते. डबकी राहतात,
डबक्यांत मासे, माशांवर म्हशी.
चिकोडीत मोर्चा निघतो: कोयनेचं पाणी सोडा.
मीही जाते, रिकामी घागर घेऊन,
दोन्ही भाषांत ओरडते. घसा बसतो.
मग एका रात्री फोन:
सोडलं. परवा सकाळपर्यंत तुमच्याकडे.

ज्या पाण्यासाठी ओरडलो
त्याच्या आधी बेटावर पोचायचं.

पहाटे, ऊन चढायच्या आत.
यल्लव्वा पुढे, डोक्यावर पालथी बुट्टी,
बुट्टीवर चोचींचे टकटक आघात.
खळगा अख्खाच घमेल्यात घ्यायचा, वाळूसकट,
आणि चढावर एक हात सरकवायचा. एकच हात.
मागे येऊन पालथं पडायचं, श्वास धरून.
ती घिरट्या घालते. उतरते. शंका घेते.
बसली, की पुन्हा एक हात.
दोन हात एकदम नेलं तर तिला ते घर वाटत नाही.
दस्तगीर म्हणतो, माझ्या बायकोला
निपाणीहून इथं आणलं, तेव्हा हे ठाऊक असतं तर.

दोन सकाळी. एकवीस खळगे.

पाणी आलं तेव्हा गाव घाटावर होतं.
ओटी भरली, खण, नारळ, हळदकुंकू;
पोरांनी शर्टांसकट उड्या मारल्या.
मीही चूळ भरली. गोड होतं पाणी.
खोटं कशाला लिहू.

पाणी वाटलं त्याहून वीतभर वर चढलं.
संध्याकाळी होडीतून बेट पाहिलं.
चौदा जणी बसलेल्या,
बाकीच्या पाण्यावर घिरट्या घालत,
खाली काही नसलेल्या जागेवर.

यल्लव्वा वल्हं थांबवून म्हणाली, "एळु."
कानडीत एळु म्हणजे सात.
एळु म्हणजे ऊठ, असंही.
तिनं कोणता म्हटला, मी विचारलं नाही.
रकान्यात आकडा लिहिला.

दस्तगीर म्हणाला, काठावर घ्या आता,
चुना संपलाय,
उद्या चिकोडीहून आणायला हवा.