रेशनकार्डावरचा शिक्का

सातबारा नाही माझ्या नावावर.
जमीन नसली तरी जामीन राहता येतं
हे मला साठीनंतर कळलं.

आणिक डेपोत बसगाड्यांवर आकडे रंगवले
एकतीस वर्षं.
चाराचं पोट कधी फुगू दिलं नाही,
नवाची शेपूट लांबवली नाही.
तेवढीच माझी पत.

कोर्टात म्हणाले, पत दाखवा.
मी पासबुक दाखवलं, लाईटबिल,
रेशनकार्ड प्लास्टिकच्या पिशवीतून काढून, घडी उलगडून.
खिडकीतल्या बाईंनी मान वर न करता विचारलं:
आरोपी जसिंता मिस्किटा.
तुमचं नातं काय?

नातं असं, बाई,
की गोवंडीला माझा सुदाम मॅनहोलात उतरला
कमरेला दोरी बांधून, आणि दोरीच तेवढी वर आली.
कंत्राटदार म्हणाला, पाय घसरला.
पोलीस म्हणाले, प्यायला होता.
महापालिका म्हणाली, आमचा नव्हताच.
तीन तोंडांनी तीनदा मेला माझा भाऊ
आणि एकाही कागदावर मेला नाही.

तेव्हा ही बाई आली, कुर्ल्याच्या क्रिश्चन गावातून,
खडखडत्या स्कूटरवर, काखेत लाल बांधणीची वही.
रडली नाही, भाषण केलं नाही.
म्हणाली, दीपके लिहिताना
वेलांटी पहिली की दुसरी?
मेलेल्याच्या वेलांटीची काळजी करणारं
मला पहिलंच माणूस भेटलं.
सुदामचा नंबर एकशे त्रेपन्न.

हे मी खिडकीत बोललो नाही.
मागे रांग होती.
म्हटलं, ओळखीची आहे.
बाईंनी लिहिलं: परिचित.

आदल्या रात्री दोघं आले होते घरी, साध्या कपड्यांत.
चहा घेतला, वर साखर मागितली.
काका, म्हातारपणी कशाला हा उपद्व्याप?
उद्या ती पळाली तर?
मला हसू आलं.
जी बाई वीस वर्षं त्या भोकांच्या कडेला वाकून उभी राहिली
ती कुठं पळणार?
पळतात ते झाकण लावून.

वही अजून जप्त आहे. मुद्देमाल क्रमांक चार.
म्हणजे माझा भाऊ सध्या पोलिसांच्या मालखान्यात,
गावठीचे कॅन आणि चोरीच्या सायकली यांच्या मधे कुठंतरी,
वेलांटीसकट.

भायखळ्याच्या तुरुंगातून ती संध्याकाळी सुटली.
पिशवीत पत्रांचा गठ्ठा,
सगळी फोडलेली, सगळ्यांवर तपासल्याची सही.
तिकिटांवर पोपट, ज्वालामुखी, कुठल्याशा राणीचं नाक.
कोण ही माणसं?
माहीत नाही, म्हणाली.
ही एक लिहिते, आमच्या गावात नदीबद्दल बोलणारा उचलून नेला,
आम्ही पाळी लावून ठाण्यासमोर स्टूल टाकून बसतो,
बसल्या बसल्या तुला लिहितेय.

तिलाही कुणी विचारत असेल खिडकीतून,
नातं काय?

माझ्या कार्डावर आता जांभळा शिक्का आहे,
गहू-तांदळाच्या रकान्याला खेटून:
सदर इसम आरोपीस जामीन.
सून म्हणाली, चारचौघांत दाखवायचं कसं?
रेशनवाल्या छेडाशेठनी तो वाचला
चष्मा कपाळावर चढवून, दोनदा.
काही बोलले नाहीत.
तांदूळ मापात दिले. ना कमी ना जास्त.
तेही बरंच झालं.

जसिंताबाईंनी नवी वही आणलीय.
आठवून आठवून लिहितात.
परवा रात्री अकराला फोन:
लहानूभाऊ, एकशे त्रेपन्न...
वेलांटी पहिली ना?

दुसरी, म्हटलं.
दिव्यातली नाही.
दीपातली.