जबानी

साक्रीच्या कोर्टात, जेवणाच्या सुट्टीनंतर,
मथाबाई पिंजऱ्यात उभी राहून म्हणते,
"बांध मन्हा शे."
मी टाईप करते : सदर बांध माझ्या मालकीचा आहे.

अठरा वर्षं हेच.
"शे" ऐकलं की बोटं आपोआप "आहे" करतात,
जसं धुळ्याच्या कॉलेजात
पहिल्या हशानंतर
मी स्वतःचं केलं.

सोबत कोण होतं, वकील विचारतो.
"मन्ही आंडेर. उलशी व्हती."
मागच्या बाकावर कुणी खुदकन हसतं.
मथाबाई वळते, सावकाश :
"हसाले काय व्हयनं, भाऊ?
मन्हा बांधले हाईच बोली समजस."

पंखा फिरत राहतो.
उलशी. लहान लिहू?
कानबाईच्या रोटाचा उलसा तुकडा
माय तळहातावर ठेवायची,
तो लहान नव्हता कधी.
त्याला तुपाचा वास होता,
रातभर जागलेल्या बायांच्या बसलेल्या गळ्यांचा
आवाज होता.

मी अवतरण चिन्ह उघडते,
तिचे शब्द तसेच ठेवते आत,
काना-मात्रेसकट.

साहेब कागद चष्म्याजवळ नेतात.
हे काय आहे?

"जबानी शे, साहेब."

कोण बोललं म्हणून
मीच मागे वळून बघते.